बुधवार

जानेवारीत इमांत्सच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं.
जाताना किल्ली दिली, आणि चौकटीच्या वहीतून फाडलेला कागद:
ऑर्किड. बुधवारी. अर्धा पेला.
एवढंच.
मी मनात म्हटलं, कंजूष. पाण्यातही कंजूष.

रीगात जानेवारी म्हणजे दुपारी चारला दिवे.
खिडकीखाली रेडिएटर धगधगतोय,
पलीकडे दौगावा नदी गोठलेली,
आणि मधे काचेला टेकून ते एकटं.
तहानलं असेल, वाटलं.
सोमवारी दिलं. मंगळवारी थोडंसं.
बुधवारी तर द्यायचंच होतं.

चाळीस वर्षं बेकरीत राईची कणीक मळली मी.
ओल किती, ते बोटाला विचारायचं, घड्याळाला नाही,
हे नव्या पोरींना मीच शिकवायचे.
पण दुसऱ्याच्या कुंडीत बोट खुपसायला धजले नाही.
परक्या घरात माणूस
नुसतं ओतत राहतं.

फेब्रुवारीत पानं लोळली,
जुन्या पाकिटाच्या कातड्यासारखी सुरकुतली.
मी आणखी पाणी घातलं.

मग एका संध्याकाळी दार उघडताच वास आला,
तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा.
टेबलावर वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली.
मुळं तपकिरी, लिबलिबीत.
चिमटीत धरून ओढलं की साल
ओल्या मोज्यासारखी निघून यायची,
आत उरायचा एक दोरा.
इतकं पाणी, आणि झाड तहानेनं मरत होतं.

अति तिथे माती म्हणतात.
ह्याला तर मातीसुद्धा नको होती.
कुठल्याशा गरम रानात, उंच फांदीवर,
वाऱ्यात पाय सोडून बसणारी जात ही.

कात्री ज्योतीवर धरली, गार होऊ दिली,
आणि कापत गेले, मऊ लागेल ते सगळं.
सतरातली चौदा गेली.
उरली तीन:
एक टणक, एक अर्धंमुर्धं,
आणि एक असं
की ठेवायची लाज वाटावी नि टाकायचीही.
जखमांवर दालचिनीची पूड दाबली,
नाताळच्या बिस्किटांतली उरलेली.
इमांत्सच्या स्वयंपाकघरात सणाचा घमघमाट
आणि मी वर्तमानपत्राची घडी घालतेय,
खून लपवावा तशी.

भाची अग्नेसेनं घरामागच्या दलदलीतलं शेवाळ आणलं,
वरचा बर्फ कुदळीनं फोडून.
पाईनची साल मी स्वतः वेचली, समुद्रकाठी,
बोटं बधिर होईतो.
त्या सालींत, चिमूटभर शेवाळात, त्याला उभं केलं,
पडू नये म्हणून विणायच्या सुईला बांधलं.

मग रोज जिना चढायचे,
कुंडीत बोट घालायचे. आता लाज कसली.
ओलसर लागायचं.
हातातला पेला उभ्या उभ्या मीच पिऊन टाकायचे
आणि कुलूप लावायचे.

एप्रिलमध्ये इमांत्स आला, काठी टेकत.
पाच पानांची दोन झालेली त्यानं पाहिली.
कोट न काढताच बसला.
मी सगळं सांगून टाकलं,
सोमवार, मंगळवार, बटाटे, कात्री.
खालच्या रस्त्यावरून ट्राम गेली, पेले किणकिणले.
तो म्हणाला, "स्काइद्रीते, हे तिसरं.
आधीची दोन मी बुडवली.
म्हणून तर तो कागद."

मग चष्मा कपाळावर ढकलून तो वाकला.
खालच्या पानाच्या बगलेत
काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं काहीतरी,
हिरवं, चकचकीत.
देठ आहे की मूळ, यावर आम्ही जरा भांडलो.
मूळच होतं. आणि निघालं होतं भलतीकडे,
साल सोडून, शेवाळ सोडून,
खिडकीच्या चौकटीकडे.

मी किल्ली टेबलावर ठेवली.
त्यानं ती काठीच्या टोकानं
माझ्याकडे परत सरकवली.
"बुधवारी," म्हणाला.